लेकरासाठी आपण किती बोलायचं आणि कुठं थांबायचं?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. इतके दिवस नुसती वाचत होते, आज लिहिल्याशिवाय राहवत नाही.

आम्ही सांगलीत, विश्रामबागला राहतो. मुलगा नऊ वर्षांचा, चौथीत. तो बोलताना अडखळतो. घरात कमी, बाहेर जास्त, फोनवर सगळ्यात जास्त. पहिलंच अक्षर अडकतं. कधी 'प-प-प' होतं, कधी आवाजच फुटत नाही. मग मान खाली जाते, मूठ मांडीवर आपटतो आणि शब्द सुटतो.

जूनमध्ये वर्गाला नवीन बाई आल्या. पहिल्या दिवशी प्रत्येकानं उभं राहून नाव आणि गाव सांगायचं होतं. हा स्वतःच्या नावावर अडकला. बाई म्हणाल्या, "नाव विसरलास का रे?" पोरं हसली. बाईंनी पुढच्याला उभं केलं. त्यांच्या मनात वाईट नसेलही. पण तेव्हापासून दर सोमवारी सकाळी याचं पोट दुखतं.

मला हे कळलं ते शेजारच्या मुलीकडून, पंधरा दिवसांनी. दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेले आणि सगळ्या स्टाफरूमसमोर भांडले. बाई एवढंच म्हणाल्या, "प्रार्थना तर खणखणीत म्हणतो की, मग उत्तर देतानाच कसं होतं?" मी आणखी चिडले. मुख्याध्यापकांनी दोघींना शांत केलं आणि ठरलं की याला वर्गात उभं करायचं नाही, काही विचारायचं नाही.

मला वाटलं, जिंकले. गेल्या आठवड्यात रात्री झोपताना तो म्हणाला, "आई, आता मला कुणीच काही विचारत नाही. मला येत असलं तरी."

चार दिवस झाले, ते वाक्य डोक्यातून जात नाही. मग बाकीचंही दिसायला लागलं. दुकानात त्याचं मीच बोलते. पाहुण्यांनी "कितवीला रे?" विचारलं की उत्तर माझं. आत्याचा फोन आला की "तो खेळतोय" म्हणून मीच सांगते. त्याला त्रास नको म्हणून नऊ वर्षं मी त्याचं तोंड होऊन बसलेय. आता हे उलटं कसं फिरवायचं? त्याला एकटं सोडायचं नाहीये, पण त्याचं त्याला बोलता यायला हवं. ज्यांच्या घरी असं काही आहे, कुठल्याही कारणानं, त्यांनी कृपया लिहा.

यवतेश्वर

ताई, वाचून डोळ्यांत पाणी आलं. सविस्तर रात्री लिहिते, मुलीची परीक्षा चालू आहे.

अडतमडत

मी स्वतः अडखळतो. वय ४१, मिरजेत दुकान आहे, दिवसभर गिऱ्हाइकांशी बोलणं हाच धंदा. तुमच्या मुलाच्या वयाचा होतो तेव्हाचं सांगतो.

स्वतःचं नाव सगळ्यात अवघड असतं. बाकी शब्द अडकला की आम्ही दुसरा घालतो. 'पाणी' अडलं की 'तहान लागलीय' म्हणायचं. शिक्षकांना वाटतं पोराला भाषा चांगली येते, खरं तर ती पळवाट असते. नावाला पळवाट नाही. म्हणून हजेरीच्या वेळी आपला नंबर जवळ यायला लागला की पोटात जो गोळा यायचा तो मला आजही आठवतो. सोमवारच्या पोटदुखीला नाटक समजू नका. ते खरंच दुखतं.

माझी आई पण माझं बोलायची. प्रेमानंच. पण मी त्यातून एकच शिकलो, की माझं बोलणं एवढं वाईट आहे की आईलाही ते ऐकवत नाही. आई आता नाही. तिला हे कधी सांगता आलं नाही, म्हणून तुम्हाला सांगतोय.

मला बदलवलं ते आमच्या गणिताच्या सरांनी. त्यांनी वेगळं काही केलं नाही. मी अडकलो की खडू खाली ठेवायचे, माझ्याकडं बघत थांबायचे. घड्याळाकडं नाही, खिडकीकडं नाही, माझ्याकडं. वर्गात कुणी हसलं तर तिकडं बघायचेसुद्धा नाहीत. पूर्ण झालं की "बरोबर" किंवा "चूक, परत बघ". बास.

वाचातज्ज्ञ_मिरज

मी वाचा-उपचाराचंच काम करते, म्हणून थोडं लांब लिहिते.

आधी प्रार्थनेचा मुद्दा, कारण तो गैरसमज मी दर आठवड्याला ऐकते. सगळ्यांबरोबर एका सुरात म्हणताना किंवा गाताना अडखळणं जवळपास नाहीसं होतं. हे बहुतेक सगळ्याच अडखळणाऱ्यांत दिसतं. त्यामुळं 'प्रार्थना येते म्हणजे मुद्दाम करतो' हा निष्कर्ष चुकीचा आहे. हे शाळेत शांतपणे सांगा. बाईंना ठाऊक नसण्याची शक्यता खूप आहे.

दुसरं, तुम्ही काही केलं म्हणून हे झालेलं नाही. धाक, लाड, दृष्ट, कुणाची नक्कल, यातलं काही कारण नाही. मेंदूत बोलण्याचा ताळमेळ बसण्याची ती एक वेगळी पद्धत आहे आणि बऱ्याचदा घराण्यात चालत येते. साधारण दोन ते पाच वर्षांच्या दरम्यान सुरू होतं. शंभरातल्या पाचेक मुलांना कधी ना कधी होतं आणि बहुतेकांचं आपोआप जातं. राहतं त्यांच्यात मुलगे जास्त. नवव्या वर्षी आहे म्हणजे पुढंही काही प्रमाणात राहू शकतं. म्हणून थेरपी तर कराच, पण 'बरं झाल्यावर बोलेल' म्हणून वाट बघू नका. अडखळत बोलायचं, पण बोलायचं, हे आत्ताच सुरू करायचं.

घरात "हळू बोल", "श्वास घे", "आधी विचार कर" हे बंद करा. आपण मदत म्हणून म्हणतो, त्याला ते "तू चुकतोयस" असं ऐकू येतं. वाक्य त्याच्या आधी पूर्ण करू नका. त्याच्यापेक्षा आपलंच बोलणं थोडं संथ करा. वरच्या दादांच्या सरांनी जे केलं तेच आम्ही पालकांना शिकवतो.

आणि कणखरपणाबद्दल. हवाईतल्या कौआई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर आणि रूथ स्मिथ यांनी कित्येक वर्षं पाठपुरावा केला. गरिबी, घरातली भांडणं, आजारपणं अशा अनेक अडचणी एकदम असलेल्या मुलांपैकी साधारण एक तृतीयांश मुलं चांगली, समंजस माणसं झाली. त्यांच्याबाबत वारंवार दिसलेली एक गोष्ट म्हणजे निदान एक मोठं माणूस कायम त्यांच्या बाजूनं होतं. आईबापच असं नाही. आजी, शेजारी, शिक्षक, कुणीही. ताई, तुमच्या मुलापाशी ते माणूस आहे. रात्री झोपताना मनातलं सांगतो म्हणजे आहेच. तुम्ही फक्त त्याच्या पुढं उभ्या आहात, त्या शेजारी या.

माणदेशी_मामा

सगळ्यांचं बरोबर असेल, पण मला एक वेगळी भीती वाटते. आमच्या भावकीत दोन मुलं अशी 'माझं मत मांडतो' म्हणत वाढवली. आज ती आजोबांना तोंडावर सांगतात, "तुम्ही मध्ये बोलू नका." आम्ही दुष्काळी भागातली माणसं. आमच्या पिढीनं सोसलं, तोंड मिटून काम केलं, त्यातनंच घट्ट झालो. पोरांना हक्काची भाषा आधी शिकवली की सोसायची ताकद कधी येणार? मी वाद घालायला लिहीत नाही. माझी नात सहा वर्षांची आहे, मला खरंच कळत नाही.

निवृत्त_गुरुजी

मामा, तुमचा प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून उत्तर देतो. मी साताऱ्याकडचा, ३४ वर्षं प्राथमिकला शिकवलं. त्याआधी रयतच्या वसतिगृहात राहून शिकलो. घरची गरिबी होती. कर्मवीर अण्णांनी १९२४ साली साताऱ्यात सगळ्या जातींची पोरं एका पंक्तीला बसवून जे वसतिगृह सुरू केलं, त्या परंपरेतलं आमचं. स्वयंपाकाची, झाडलोटीची, हिशोबाची पाळी पोरांचीच. मी अकरा वर्षांचा असताना कोठीच्या हिशोबात चार किलो ज्वारी कमी भरली. अधीक्षकांनी विचारलं, कुणाची पाळी? मी गप्प. मार बसेल म्हणून गप्प. ते म्हणाले, "कमी पडली याची शिक्षा नाही. कमी पडल्याचं वेळेवर सांगितलं असतंस तर आज दुपारी पन्नास पोरं अर्धपोटी राहिली नसती." ते मला अजून पुरलंय.

सोसणं आणि गप्प बसणं या दोन गोष्टी आपण एकत्र शिवून टाकल्यात. मी अशी पोरं पाहिलीत जी सगळं सोसायची, आणि पाचवीत एक दिवस शाळाच सोडायची. विचारायला घरी गेलं की कळायचं, फळ्यावरचं दिसत नव्हतं. तीन वर्षं. चष्म्यानं काम झालं असतं. "गुरुजी, मला मागून दिसत नाही" हे एक वाक्य त्याला कुणी शिकवलं नव्हतं, आणि मी विचारलं नव्हतं. ती माझी चूक आहे.

उद्धटपणाचं म्हणाल तर तो वाक्यात असतो, मागण्यात नसतो. "तुम्ही मध्ये बोलू नका" आणि "आजोबा, माझं एवढं संपू द्या, मग ऐकतो" यात मागणं एकच आहे. दुसरं वाक्य शिकवावं लागतं. मोठ्यांनी आधी तसं बोलून दाखवावं लागतं. मुलाचं म्हणणं ऐकून घेतलं जावं हे संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेच्या १२ व्या कलमात आहे, आणि १९९२ साली भारतानं ती संहिता मान्य केली. त्यात म्हणणं विचारात घ्या असं आहे. मूल म्हणेल ते करा असं नाही.

कृष्णाकाठ ताई, एक सांगतो, रागावू नका. बाईंशी एकदा एकटीनं बोला. स्टाफरूमसमोर बोललं की शिक्षक स्वतःचा बचाव करतो, मूल बाजूला राहतं. मीही तेच केलं असतं.

सांगलीवाडीकर

आमची गोष्ट अडखळण्याची नाही, पण लिहितो.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा माझी मुलगी सहा वर्षांची होती. आम्हाला बोटीतनं काढलं. तिचं दप्तर, बाहुली, सगळं गेलं. नंतर वर्षभर पाऊस लागला की ही रात्री उठून दारापाशी जाऊन फरशी हातानं चाचपायची. कोरडी आहे का बघायला. आम्ही म्हणायचो, "काही होत नाही, झोप." तिला माहीत होतं की होतं. आमच्यावरचा विश्वासच उडाला होता.

मग तिच्या आजीनं एक केलं. तिला खरं सांगितलं. पुलाला आकडे असतात, ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका. रोज पावसाळ्यात संध्याकाळी आकडा बघायचा आणि कॅलेंडरवर लिहायचा, हे काम तिचं. आणि एक पिशवी तिची तिनं भरायची: दोन कपडे, वही, बिस्किटं, आजीच्या गोळ्यांची चिठ्ठी. २०२१ च्या जुलैमध्ये परत पाणी चढलं. पातळी चाळीसच्या आसपास आली तशी ही पिशवी घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, "पप्पा, आता निघायचं का? मला भीती वाटतेय." आठ वर्षांची होती. रडत होती, पण दोन्ही गोष्टी बोलली, काय वाटतंय ते आणि काय हवंय ते. आम्ही त्याच रात्री निघालो.

आता सातवीत आहे. भीती गेलेली नाही. आकडा अजून लिहिते.

यवतेश्वर

म्हटल्याप्रमाणे आले. माझी मुलगी बारा वर्षांची, टाइप वन मधुमेह, सातव्या वर्षापासून. दिवसाला चार इंजेक्शनं. आम्ही साताऱ्यात राहतो.

आमच्याकडं बोलणं हा जिवाचा प्रश्न आहे. साखर ७० च्या खाली गेली की लगेच १५ ग्रॅम साखर पोटात जायला लागते, साधारण तीन चमचे पाण्यात विरघळवून, आणि १५ मिनिटांनी परत बोट टोचून बघायचं. थांबून चालत नाही. आणि साखर उतरली की डोकं चालत नाही, हात थरथरतात, रडू येतं. म्हणजे ज्या क्षणी तिला बोलायला हवं त्याच क्षणी तिला बोलणं जड जातं. म्हणून वाक्य आधीपासून तोंडात बसलेलं लागतं.

आम्ही घरी नाटक करायचो. मी बाई व्हायचे. आधी प्रेमळ बाई, मग घाईतल्या बाई, मग "तास संपल्यावर खा" म्हणणाऱ्या. तिसऱ्या बाईपाशी ती आठ दिवस अडकली. रडायची, म्हणायची, "बाई नाही म्हणाल्या तर नाहीच ना." घरातच मुलीला आपण शिकवलेलं असतं की मोठ्यांनी नाही म्हटलं की विषय संपला. ते उलटवायला वेळ लागतो. शेवटी तिनं स्वतः वाक्य केलं: "मॅडम, मी विचारत नाहीये, सांगतेय. माझी साखर उतरलीय, मी आत्ता खाणार आहे."

गेल्या वर्षी चाचणीच्या वेळी पर्यवेक्षकांनी डबा काढल्यावर हटकलं. तिनं हेच म्हटलं, खाल्लं, आणि मग कार्ड दाखवलं. दप्तराच्या पुढच्या कप्प्यात लॅमिनेट केलेलं कार्ड असतं: आजार, काय करायचं, आमचे नंबर. घरी येऊन मात्र तासभर रडली. मी "शाब्बास" म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. नुसती जवळ बसले. तिला त्या वेळी बहादूर व्हायचं नव्हतं, दमली होती.

ताई, तुम्ही पण नाटक करून बघा. तिसऱ्या बाई जरूर घ्या.

अडतमडत

तिसऱ्या बाई! लहानपणी मला कुणी हे दिलं असतं तर.

निवृत्त_गुरुजी

एक गोष्ट या धाग्यात राहायला नको. काही ठिकाणी मुलानं स्वतः बोलावं म्हणून थांबायचं नसतं. मार, कुणी अंगाला हात लावणं, पैसे उकळणं, रोजची टोळीनं छळवणूक, इथं मोठ्यानं त्याच दिवशी मध्ये पडायचं. शिक्षण हक्क कायद्याच्या (२००९) १७ व्या कलमानं शारीरिक शिक्षेइतकीच मानसिक छळालाही बंदी आहे. १०९८ हा मुलांसाठीचा मोफत नंबर मुलाला पाठ हवा. ताईंच्या मुलाचं प्रकरण तसं नाही, पण वाचणाऱ्यांत कुणाचं असेल.

माणदेशी_मामा

गुरुजी, 'माझं एवढं संपू द्या' हे नातीला शिकवतो. आधी मला शिकावं लागेल. तिच्या आईला मी रोज मध्ये तोडतो, हे लिहिताना लक्षात आलं.

कृष्णाकाठ

तीन आठवड्यांनी येतेय. सगळ्यांचं वाचलं, काही पाच-सहा वेळा.

सुरुवात भडंगाच्या दुकानापासून केली. त्याला आधी विचारलं, "तू सांगशील की मी?" तो म्हणाला, "मी. पण तू बाहेर थांब." मी पायरीवर थांबले. 'पाव किलो'चा 'प' अडकला. दुकानदारांच्या हातात मापटं, मागं दोन गिऱ्हाइकं. मला वाटत होतं पाच मिनिटं झाली, असतील दहा सेकंद. मी चपलेचा अंगठा घट्ट धरून उभी. "प-प-पाव किलो, ति-तिखट." दुकानदारांनी मापलं, पैसे घेतले, काही बोलले नाहीत. बाहेर येऊन पुडी माझ्याकडं दिली आणि चालायला लागला. पुढच्या वेळी 'अर्धा किलो' मागून आला. म्हटलं, एवढं कशाला? तर म्हणे, 'अ' सोपा जातो. अडतमडत दादा, तुमची पळवाट! मी काही म्हटलं नाही. भडंग दोन आठवडे पुरलं.

घरी नाटकंही केली. तिसऱ्या बाई मी मनापासून केल्या. चौथ्या दिवशी त्यानं मला हातानं थांबवलं आणि म्हणाला, "बाई, मी अडखळतो. मला वेळ लागतो. पण मला विचारा." हे 'मला विचारा' मी शिकवलेलं नव्हतं. मी तर 'मला विचारू नका' हे शाळेकडून मागून घेतलं होतं.

मग बाईंना भेटायला एकटी गेले. आधी माफी मागितली, स्टाफरूमबद्दल. प्रार्थनेचं कारण सांगितलं. बाई बराच वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या, "मला कुणी सांगितलंच नाही हो. मला वाटलं नवीन बाईंना बघून करतोय." मी म्हटलं, पुढचं तो सांगेल. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तो गेला. आमचं ठरलेलं वाक्य त्याला निम्मंच म्हणता आलं, उरलेलं त्यानं वहीच्या पानावर लिहून नेलं होतं ते दिलं. त्यात एक भर त्याची स्वतःची होती. कंपासपेटी उघडी असेल तर विचारा, बंद असेल तर आज नको.

पहिले चार दिवस पेटी बंद. मी काही विचारलं नाही. फार जड गेलं मला.

परवा उघडी होती. बाईंनी विचारलं, कृष्णा नदी कुठं उगम पावते? 'महाबळेश्वर'चा 'म' अडकला. शेजारच्यानं पटकन "महाबळेश्वर!" म्हटलं, त्याला मदत म्हणूनच. यानं त्याच्याकडं वळून सांगितलं, "तू थ-थांब. मला विचारलंय." आणि परत पहिल्यापासून, म-म-म करत, पूर्ण म्हटलं. बाई थांबल्या होत्या.

हे सगळं तो मला स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून सांगत होता. चार ठिकाणी अडकला. तव्यावर भाकरी होती, ती उलटायची वेळ झाली, धूर यायला लागला. मी त्याच्याकडंच बघत होते.